शेठजींचा खांदा आणि अकोल्याचा भाव

कापसाच्या तेजीच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सकाळी, अमरावतीच्या एका शेठजींनी हाडवैद्यकीच्या शाळेला बाराशे रुपये देण्याचे कबूल केले. सहाशे रोख दिले, सहाशेंबद्दल "पुढे बघू" असा भरवसा दिला. हजर मंडळी चार: स्वतः शेठजी, त्यांचा चपराशी सखाराम, शाळेचा हाडवैद्य उस्ताद करीमखाँ पहिलवान आणि मी. शेठजींची नवी बग्गीही दारात उभी होती. तिला शाळेपेक्षा जास्त पैसे पडले होते, त्यामुळे नारळ आधी तिच्या चाकाशी फुटला आणि मग शाळेच्या उंबऱ्याशी.

त्या शाळेचा मी कारभारी होतो. दिवाळीच्या पुस्तकासाठी छापखान्याच्या मालकांनी माझ्याकडे "आपल्या नोकरीतले काहीतरी रंजक" मागितले आहे. माझ्या नोकरीत मोडलेले पाय, निखळलेले कोपर आणि ओरडणारे गाडीवान होते. त्यात काय रंजक वाटते ते वाचणाऱ्याने पाहावे.

शेठजींचे नाव लिहीत नाही. त्यांना शाळा काढावीशी का वाटली, ते मात्र सांगतो. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला साहेबलोक एकाएकी मान देऊ लागले. वऱ्हाडात जेवढे म्हणून चाक होते तेवढे रस्त्यावर आले. आगगाडी अजून पोचायची होती. अमरावतीहून मूर्तिजापूर, तिथून अकोला, पुढे खामगाव, अशी गाड्यांची रांग हलत असे. गाडी उलटली की गाडीवान खाली आणि बोजे वर. मोडका गाडीवान वाटेत पडला की गाडी तिथेच उभी, गाडी उभी की कापूस उभा, आणि कापूस उभा राहिला की शेठजींना दया येई. ही दया कापसाच्या रस्त्याने अगदी नेमकी चाले. चिखलदऱ्याच्या डोंगरात कोणी कड्यावरून पडला तर ती तिकडे वळत नसे, कारण तिकडे कापूस होत नाही.

देणगीला शर्त एकच होती. शाळेच्या हातून एक जरी हाड वाकडे बसले, तर शाळा बंद. शाळा बंद झाली असती तर मला दुसरीकडे कारकुनी मिळाली असती. उस्तादाला परत जायला जागा नव्हती. शाळेसाठी त्याने आपली तालीम पुतण्याच्या हवाली केली होती, आणि हा पुतण्या घेतलेली वस्तू परत देणाऱ्यातला नव्हता.

उस्ताद करीमखाँ गरीब, अबोल कारागीर होता असा कोणाचा समज होऊ नये. असा फुशारक्या मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांसमोर तो म्हणाला, "पोट्टेहो, या वऱ्हाडात हाड जाननारे दोनच. एक खुदा, त्यानं बनवले. दुसरा मी. त्याचं बनवलेलं मीच दुरुस्त करून राहिलो." मी म्हटले, "उस्ताद, जरा हळू." तर म्हणतो, "काहून? त्याले माहीत हाये."

शिकवण्याची त्याची पद्धत बाहेरच्याला वेडगळ वाटे. एक मडके पोत्यात घालून फोडायचे, पोत्याचे तोंड बांधायचे, आणि विद्यार्थ्याने बाहेरूनच चाचपून आतले तुकडे एकमेकांना जुळवायचे. पोते उघडून पाहिले की उस्तादाची छडी बसे. हाड मांसाच्या आत असते, ते डोळ्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याचे मडके पोत्यात जुळे त्याला खऱ्या हाडाला हात लावायची परवानगी मिळे. मग तिळाचे कोमट तेल, बांबूच्या कामट्या, कापसाची पट्टी, वरून उडदाच्या पिठाचा लेप. लेप वाळला की दगडासारखा होतो. त्या सबंध रस्त्यावर फुकट मिळणारा कापूस तेवढाच, पट्टीचा. तोही गाडीवान परत जाताना मागून नेत.

निखळलेला सांधा बसवण्याची युक्ती वेगळी. दुखणारा माणूस अंग ताठ धरतो, आणि ताठ अंगात सांधा बसत नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे गेले पाहिजे. जुने हाडवैद्य त्यासाठी शिव्या देत. उस्तादाने काळ ओळखून नवी रीत काढली. तो विचारायचा, "कापूस काय भावानं देल्ला?" त्या दिवसांत हा प्रश्न विचारल्यावर मरायला टेकलेला माणूससुद्धा सावध होई. खरा भाव सांगावा की चढवून सांगावा या विचारात तो पडला की अंग सैल होई. तेवढ्यात झटका. माणूस "आई गं" म्हणायच्या आत सांधा जागेवर.

सहा महिने शिकलेला विद्यार्थी रस्त्यावरच्या एका गावी बसवायचा, असा बेत होता. पहिला बडनेऱ्याला बसला, दुसरा मूर्तिजापूरला, तिसरा बार्शीटाकळीला. शाळेने मुलुखाचे काय भले केले असे कोणी विचारले, तर मी बडनेऱ्याच्या सुताराचा दाखला देतो. तो एक दिवस शाळेत भांडायला आला.

"नाना, तुमच्या शाळेनं माह्या पोटावर पाय देल्ला."

"काय झाले?"

"कुबड्या इकत होतो मी. मांगच्या साली हंगामात सवड नव्हती मले. औंदा दिवाळीपासून एक कुबडी गेली नाई. लोकं साजरे चालून राहिले नं!"

मी त्याला सांगितले, कुबड्यांऐवजी कामट्या कर, शाळा घेईल. तो म्हणाला, कामटीत काय नफा. तरी दुसऱ्या आठवड्यात भारा घेऊन आला. सरकारदरबारी शाळेबद्दल पुढे बरेच लिहिले गेले, पण त्या सुताराच्या तक्रारीइतके चांगले प्रशस्तिपत्र आम्हाला दुसऱ्या कोणी दिले नाही.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची येत. बार्शीटाकळीकडचे एक पाटील हात मोडून आले. तेजीने त्यांना इतके दिले होते की बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणे होती. उस्तादाने कामट्या काढल्या तसे ते भडकले.

"बांबू? हा गरिबाचा हात हाये काय? सागवानाच्या लावा. खिळे चांदीचे मारा."

"पाटील, बांबू वाकते म्हून लावतो."

"माह्या घरी कोनी वाकत नाई!"

"हाड वाकलं नं तुमचं," उस्ताद म्हणाला. "तेबी घरचंच व्हतं."

शेवटी तडजोड झाली. कामट्या बांबूच्या, वरून जरीचा रुमाल. पाटील महिनाभर तो हात गावभर मिरवत होते. लेप काढायला आले तेव्हा रुमाल सोडू देईनात.

दुसरा एक गाडीवान पायाचे हाड बाहेर आलेले असताना म्हणाला, "आंधी बैल पाहा. मी पडलो तं घरी दुसरा भाऊ हाये, बैल पडला तं दुसरा बैल नाई." उस्तादाने आधी बैलच पाहिला. पुढे शाळेत बैलही येऊ लागले. शेठजींनी हे ऐकले तेव्हा ते खूश झाले. माणसांवर खर्च होतो याचे त्यांना अधूनमधून वाईट वाटे. बैलाबद्दल कधी वाटले नाही.

आता मुख्य गोष्ट.

तेजीच्या शेवटच्या वर्षी, वैशाखात, शेठजी आपल्या वखारीत एका गोऱ्या व्यापाऱ्याला गठाणी दाखवत होते. "सगळ्यांत वरची पाहा" म्हणून स्वतःच थप्पीवर चढले आणि सगळ्यांत वरच्या गठाणीसह खाली आले. उजवा खांदा निखळला. आमची शाळा तिथून हाकेच्या अंतरावर. मी आणि उस्ताद धावत गेलो. शेठजी खाटेवर बसले होते, हात पिशवीसारखा लोंबत होता.

उस्ताद पुढे झाला. शेठजी ओरडले, "दूर! हात लावायचा नाही!"

मी म्हटले, "शेठजी, शाळा आपलीच आहे."

"शाळा गाडीवानांसाठी आहे. मी गाडीवान आहे काय? सिव्हिल सर्जन साहेबांना बोलवा."

साहेब हवा खायला चिखलदऱ्याला गेले होते. त्यांना आणायला माणूस गेला, आणि तो साहेबांना घेऊन परत येईपर्यंत शेठजींनी कण्हत बसायचे असे ठरले. उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, आज बसवला तं हातानं बसन. दोन-तीन दिवसांनी चार पहिलवान लागतीन. आठ दिवसांनी खुदा बी बसवनार नाई, अन् नाव शाळेचं खराब होईन. लोकं म्हनतीन, बाजूले शाळा, अन् मालकाचा हात लुळा." त्याचे म्हणणे खरे होते. वाकडे हाड शर्तीत होते. न लावलेल्या हाताने लुळा पडलेला खांदा शर्तीत बसतो की नाही, हे शेठजीच ठरवणार होते. ते काय ठरवतील याबद्दल मला शंका नव्हती.

मधल्या काळात शेठजींना आपल्या अकोल्याच्या मुनिमाची आठवण झाली. हात चालत नसल्याने सही होणार नव्हती, म्हणून हुंड्या थांबवायच्या होत्या. लिहिता येईना, आणि घरचा कारकून सोयऱ्याच्या लग्नाला गेलेला. मी लिहून देतो म्हटले, तर व्यवहार परक्याला कळू नये म्हणून नको म्हणाले. सखारामला घोड्यावर बसवले आणि तोंडी निरोप दिला: शेठजींचा खांदा उतरला आहे, हुंड्या थांबवा.

इथे अकोल्याच्या बाजाराची रीत सांगितली पाहिजे. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात रुमालाखाली धरत आणि बोटे दाबून सौदा करत. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. भर बाजारात शेकडो माणसे आणि भावाचा शब्द नाही. अशा मुक्या बाजारात, उन्हातून घोडा पिटाळत, शेठजींचा पट्टा घातलेला सखाराम शिरला. वाटेत मुनीम दिसला तसा तो लांबूनच ओरडला, "मुनीमजी, उतरला! पुरा उतरला!"

रुमालाखालचे हात बाहेर आले.

एका म्हाताऱ्या आडत्याने विचारले, "कवा उतरला बे?"

"काल उतरला जी! अमरावतीले उतरला! शेठजी रडून राहिले!"

शेठजी रडताहेत म्हटल्यावर कोणाला आणखी काय विचारायचे? सखारामच्या मते तो खांद्याबद्दल बोलत होता. बाजाराच्या मते वऱ्हाडात उतरण्यासारखी वस्तू एकच होती. हा हा म्हणता जो तो विकायला निघाला. मुनीम "खांदा, खांदा" म्हणून ओरडत राहिला. लोकांना वाटले, शेठजींना खांदा द्यायची वेळ आली. त्याने घबराट आणखी वाढली.

मुनीम हुशार. त्याने त्याच घोड्यावर चिठ्ठी पाठवली: बाजार फुकटचा पडला आहे, मुंबईचा भाव जसाच्या तसा आहे, सहीची हुंडी पाठवा, सगळा माल उचलतो.

सखाराम परत आला तेव्हा साहेबांचा पत्ता नव्हता. शेठजींचा खांदा सुजला होता आणि साखरपाण्याशिवाय त्यांनी काही घेतले नव्हते. चिठ्ठी मी वाचून दाखवली. आता परका माणूस चालत होता. शेठजींचे कण्हणे थांबले.

"नाना, सही डाव्या हाताने चालेल?"

"सराफ घेणार नाही."

ते घटकाभर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या पहिलवानाला बोलवा."

दोन दिवस वेदनेने जे केले नाही, ते स्वस्त कापसाने केले. उस्ताद आला, पण असा सरळ हात लावील तर तो करीमखाँ कसला. दारात उभा राहून म्हणाला, "मी तं गाडीवानाचा वैद्य हाये जी."

"खाँसाहेब, माफ करा," शेठजी म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

उस्तादाने त्यांना जमिनीवर निजवले, काखेत आपली टाच रोवली, मनगट दोन्ही हातांनी धरले. मूर्तिजापूरच्या आमच्या विद्यार्थ्याला उस्तादाने पहिल्याच दिवशी निरोप धाडून बोलावून ठेवले होते. त्याने छातीवरून धोतर घालून दुसऱ्या बाजूने धरले. सूज फार होती. उस्तादाच्या कपाळावर घाम मी त्या दिवशी पाहिला. एकदा ओढले, बसला नाही. शेठजी किंचाळले. उस्ताद माझ्याकडे न बघता पुटपुटला, "नाना, हा गेला तं शाळा गेली." मग मोठ्याने, अगदी गप्पा मारल्यासारखे, विचारले, "शेठजी, अकोल्याले काय भावानं उचलसान?"

शेठजींचे डोळे मिटले. ओठ हलू लागले. मनात हिशेब सुरू झाला, आणि अंग लोण्यासारखे सैल पडले. खट्ट असा आवाज झाला. तो आवाज मी शाळेत पुष्कळदा ऐकला, पण इतका गोड कधी लागला नाही.

उस्तादाने त्यांचा हात उचलून डाव्या खांद्याला लावून पाहिला. लागला. विद्यार्थ्याकडे वळून म्हणाला, "पाह्यलं? पोत्यातलं मडकं!"

शेठजींनी आधी सही केली आणि मग पाणी मागितले. सखारामला बजावले, "या खेपेला नीट सांग. उतरला म्हणायचे नाही. खांदा बसला असे सांग. काही काळजी नाही म्हणावे."

सखाराम आज्ञाधारक. बाजाराच्या तोंडाशीच त्याने आनंदाने आरोळी दिली, "बसला! साजरा बसला!"

धंदा बसतो तेव्हा आपण काय म्हणतो, ते वाचकांना माहीत आहे. ज्यांनी पहिल्या आरोळीला माल धरून ठेवला होता, त्यांनी दुसरीला काढून टाकला. आडत्यांजवळ बोंड राहिले नाही. मुनिमाने सगळे शेठजींच्या नावाने उचलले. शेठजी इतके खूश झाले की त्यांनी उस्तादाच्या पाठीवर, उजव्या हाताने, थाप मारली.

चिखलदऱ्याहून साहेब आठवड्याने उतरले. त्यांनी खांदा चाचपला, हात वरखाली केला, "उत्तम" म्हणाले आणि शंभर रुपये घेतले. उस्तादाला काय द्यायचे, असे मी विचारले. शेठजी म्हणाले, "तो तर शाळेचा माणूस. घरच्या माणसाला पैसे देऊन त्याचा अपमान कशाला करायचा?" हा अपमान सोसायची उस्तादाची तयारी होती, पण त्याला कोणी विचारले नाही.

मग विलायतेहून बातमी आली. अमेरिकेतली लढाई आटोपली. मुंबईत भाव पडला, आणि तो सखारामच्या मदतीशिवाय पडला. वऱ्हाडातला न विकलेला कापूस कोणाजवळ होता? शेठजींजवळ. सबंध, वखारी भरभरून. बग्गी गेली, घोडा गेला, वखार गेली. सखारामला त्यांनी सगळ्यांच्या आधी काढले. सगळे तुझ्यामुळे झाले, म्हणाले. त्यात थोडे तथ्य होते, पण हुंडीवर सही सखारामची नव्हती.

राहिलेले सहाशे रुपये आता येणार नव्हते. ज्येष्ठ संपता संपता मी उस्तादाला सांगितले की शाळा पोळ्यापर्यंत चालेल, पुढे नाही. त्याने एकही फुशारकी मारली नाही. त्या माणसाच्या बाबतीत हेच फार झाले. एवढेच म्हणाला, "पुतन्या मले दारात उभं नाई करनार, नाना. अन् हे पोट्टे अर्धेच शिकले. अर्ध्या शिकल्यानं हाड वाकडं बसते."

आषाढात अकोल्याहून तीन आडते आले. त्यांत तो म्हातारा होता. मला वाटले, भांडायला आले. म्हाताऱ्याने शाळा फिरून पाहिली, पोत्यातले मडके हलवून पाहिले आणि विचारले, "हेच का ते, जिथं उतरते अन् बसते?"

"हेच," मी म्हटले.

"त्या दिशी तुमचा मानूस बोंबलला म्हून आमी वाचलो. पंधरा दिस आंधी भाव कळला आमाले. अमरावतीवाल्याले कळला नाई, साहेबाले कळला नाई. इथं इद्या हाये बाप्पा."

मी समजावून सांगितले की ही विद्या हाडांची आहे, भावाची नाही, आणि जे झाले ते ऐकण्याच्या चुकीने झाले. बाकीच्या दोघांनी मान डोलावली. म्हातारा म्हणाला, "नाना, तुमी हिशेबाचे मानूस, तुमाले सांगता येत नसन. आमी इचारत नाई." उस्तादाने तेवढ्यात मध्ये तोंड घालून सांगितले की होय, काही गोष्टी सांगता येत नाहीत. मी त्याच्याकडे रागाने पाहिले. त्याने आढ्याकडे पाहिले.

शाळा अकोल्याला हलवायची, दरसाल खर्च आडत्यांनी द्यायचा, असे ठरले. ती पुढे पुष्कळ वर्षे चालली. आगगाडी आल्यावर गाडीवानांऐवजी रुळांवरचे मजूर आणि कापसाच्या दाबकारखान्यातले हमाल येऊ लागले. त्यांची मोडकी हाडे जास्त अवघड असत. वऱ्हाडात आज सरळ चालणारी कित्येक माणसे त्या शाळेची आहेत. ती शाळा विद्येच्या प्रेमाने जगली असे कुठे वाचायला मिळाले तर ते खोटे समजावे. ती दोन क्रियापदांवर जगली.

आडत्यांनी त्या दिवशी सातशे रुपये मोजले. त्यांतून उस्तादाचा पाच महिन्यांचा थकलेला पगार दिला, सव्वाशे रुपये. सामान हलवायच्या गाड्यांना अठरा. बडनेऱ्याच्या सुताराला कामट्यांचे नऊ. बाकी शाळेकडे जमा. याशिवाय आडत्यांनी पंचवीस रुपये आणि एक पागोटे वेगळे काढले होते, ते सखारामसाठी. तो तेव्हा बडनेऱ्याच्या वाटेवर दगड फोडत होता. मी स्वतः जाऊन रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

त्याने रुपये दोनदा मोजले, पागोटे उलटून पाहिले, आणि मग भीत भीत विचारले, "नाना, आता कोनाचा उतरला?"